घामाचं वजन

आमच्या मंडळाचं नाव उदयोन्मुख क्रीडा मंडळ. स्थापना १९३६, मुक्काम नारायण पेठ. म्हणजे गेली जवळजवळ नव्वद वर्षं आमचा उदय चालूच आहे. कार्यकारिणीतला सर्वांत तरुण सभासद अठ्ठावन्न वर्षांचा, आणि त्याला सगळे अजून बाळ म्हणतात. मैदानाच्या निम्म्या भागात सभासदांच्या गाड्या लागतात. उरलेल्या निम्म्यात, त्या गाड्या कुणी कशा लावाव्यात यावरून भांडणं होतात, आणि मंडळात सध्या जो काही मैदानी व्यायाम होतो तो एवढाच.

मी इथली मानद कार्यवाह. शालन ओव्हाळ, वय एकसष्ट, जिल्हा परिषदेतून निवृत्त. मानद म्हणजे काम आपण करायचं आणि मान इतरांना द्यायचा. एके काळी मी राज्याच्या संघातून खो-खो खेळले. तेव्हा याच मंडळाने आमच्या मुलींच्या संघाची नोंद 'महिलांसाठी करमणूक' या सदरात केली होती, हळदीकुंकवाच्या खाली. आम्ही ढाल जिंकून आणली. ढाल कपाटात गेली आणि नोंद तशीच राहिली. पुढे तीस वर्षांनी मला कार्यवाह केलं, तेही खेळ बघून नाही, अक्षर बघून. हे मी रागाने सांगते आहे, कारण तो राग अजून गेलेला नाही.

गोष्ट मात्र माझी नाही, अर्शियाची आहे. फेब्रुवारीत एका रविवारी ती मंडळात आली. वाघोलीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात तिसऱ्या वर्षाला. माझ्या भावाचा मुलगा प्रज्ञेश तिच्याच वर्गात आहे, त्यानेच तिला पाठवलेलं. आमची आत्या सगळं करून देते, असं त्याने सांगितलं होतं म्हणे. मुलगी सडपातळ, चष्मा लावणारी, बोलायला मोजकी. तिने फाइल उघडून माझ्यासमोर एकेक कागद ठेवला, आणि कागद इतके नीट लावलेले होते की मला ती तिथेच आवडली.

ती 'गढी' नावाचा खेळ खेळते. मोबाईलवर. पाच जणांचा एक संघ, समोर पाच जणांचा दुसरा, आणि एकमेकांची गढी काबीज करायची. तिचा संघ देशात तिसरा आला होता. त्यासाठी ती एकोणीस दिवस हैदराबादला होती, आणि त्याआधी सरावाचे दिवस वेगळे. कॉलेजात हजेरी पंचाहत्तर टक्के लागते, हिची भरली एकसष्ट. नियम असा की मान्यताप्राप्त क्रीडा मंडळाने खेळाडू असल्याचं प्रमाणपत्र दिलं, तर स्पर्धेचे दिवस हजेरीत धरतात. नाही दिलं तर परीक्षेला बसता येत नाही आणि वर्ष जातं. कागद द्यायची शेवटची तारीख होती तीस एप्रिल.

वर्षासोबत आणखी एक गोष्ट जाणार होती. तिचे वडील नासिरभाई रविवार पेठेत घड्याळं दुरुस्त करतात. दुष्ट माणूस मुळीच नाही. पण घरात असं ठरलं होतं की अभ्यास सांभाळून खेळायचं, आणि वर्ष गेलं तर खेळ बंद. अर्शियाने स्वतःच तो शब्द दिला होता. ती मला म्हणाली, "काकू, तुम्ही त्याला स्पोर्ट म्हणा किंवा म्हणू नका, मला खरंच फरक पडत नाही. फक्त अटेंडन्स मिळू दे."

आमच्या अर्जात 'खेळाचा प्रकार' असा रकाना आहे. त्यात तिने स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: ई-स्पोर्ट्स, गढी. मंडळाच्या मान्य यादीतला खेळ असता तर मीच सही केली असती, अध्यक्षांची घेतली असती आणि शिक्का मारून तिला चहाआधी मोकळं केलं असतं. यादीत नसलेला खेळ समितीपुढे ठेवावा लागतो. मी तिला तसं सांगितलं. समितीपुढे म्हणजे किती दिवस, असं तिने विचारलं. मी म्हटलं, बघू. या शब्दावर आमच्या मंडळाची नव्वद वर्षं गेली आहेत.

मार्चच्या पहिल्या रविवारी समिती बसली. अध्यक्ष रंगनाथराव, वय ब्याऐंशी, जुने कबड्डीपटू. कबड्डी सोडून पंचावन्न वर्षं झाली, पण दम अजून टिकून आहे, तो सगळा भाषणात जातो. खजिनदार रामदासशेठ, लक्ष्मी रोडवर पिढीजात सराफी पेढी, आणि कॅरम विभागाचे सर्वेसर्वा. बाकी तिघे जण जिकडे चहा तिकडे मत देणारे. मी अर्ज वाचून दाखवला. मोबाईल हा शब्द ऐकताच सगळ्यांनी आपापले मोबाईल पालथे ठेवले, जणू त्यांच्यावरच आळ आला होता.

दिल्लीनेही ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली आहे आणि मुलीने तो कागद जोडला आहे, असं मी म्हटलं. रंगनाथराव म्हणाले की दिल्लीला काय, त्यांना काहीही चालतं. आपल्याला घटना आहे. घटना म्हणजे देशाची नव्हे, मंडळाची. ती कपाटातून काढण्यात आली. कलम तीन मी मोठ्याने वाचलं: 'ज्यात खेळाडूस घाम गाळावा लागतो, तोच खेळ समजावा.'

लिहिणाऱ्याचा अर्थ साधा असणार. मेहनत हवी, एवढंच त्याला म्हणायचं असेल. घाम गाळणे म्हणजे कष्ट करणे, हे चौथीतल्या पोराला कळतं. पण रामदासशेठ म्हणाले, "घाम लिहिलंय ना? मग घाम. मेहनत म्हणायचं असतं तर मेहनत लिहिलं असतं. ते काही अडाणी नव्हते." आमच्या पेठेत माणूस अर्थावरून वाद घालेल, पण छापलेल्या अक्षराला हात लावणार नाही.

मग कॅरम कसा काय खेळ, असं मी विचारलं. त्यावर समजलं की कॅरमला १९६१ साली अपवाद करण्यात आला होता. कारण काय, तर कॅरमची खोली त्या वर्षी बांधून झाली होती आणि तिचं करायचं काय हा प्रश्न होता. एक अपवाद झाला आहे, आता दुसरा करता येणार नाही, नाहीतर उद्या कुणी पत्ते घेऊन येईल, असं रामदासशेठ म्हणाले. हे गृहस्थ दर शनिवारी त्याच खोलीत पत्तेच खेळतात, पण ते इतिवृत्तात नाही.

तासाभराच्या चर्चेनंतर ठराव झाला. मुलीने समितीसमोर खेळून दाखवावं आणि घाम येतो की नाही ते पाहावं. येतो म्हणजे किती, हे कोण ठरवणार? रामदासशेठ म्हणाले, पेढीवरचा काटा आणतो, मिलिग्रॅमपर्यंत दाखवतो. कोरडा पंचा आधी तोलायचा, घाम टिपायचा, पुन्हा तोलायचा. वजा करून जे उरेल तो खेळ. पाचही माणसांना हे एकदम पटलं. मुलीचा घाम टिपणार कोण, एवढाच प्रश्न उरला, आणि पाचही जण माझ्याकडे बघू लागले. मी हो म्हटलं. नको म्हणायला हवं होतं, पण मी म्हटलं नाही.

पहिली चाचणी मार्चअखेरीला झाली. अर्शिया वाघोलीहून दोन बस बदलून आली. नासिरभाई दुकान बंद ठेवून आले आणि कॅरमच्या खोलीत बाकावर बसून राहिले. रामदासशेठनी काटा मांडला, त्याला कुंकू लावलं. पंचा भरला एक्केचाळीस ग्रॅम आणि वर दोनशे साठ मिलिग्रॅम. मी आकडा लिहून घेतला.

मुलीने कानाला हेडफोन लावले आणि आमच्या कॅरम विभागाच्या डब्यातली चिमूटभर पावडर घेऊन अंगठ्यांना चोळली. रामदासशेठ लगेच म्हणाले की ती पावडर कॅरम विभागाची आहे. ती सॉरी म्हणाली आणि खेळायला लागली. तिचा संघ पाच ठिकाणी बसलेला, कुणी नाशिकला, कुणी हैदराबादला, आणि ती इथे खिडकीजवळ, कारण आमच्याकडे रेंज फक्त खिडकीजवळ येते. ती हळू आवाजात सारख्या सूचना देत होती. डावीकडे बघ, थांब, आता जा. तो आवाज मला ओळखीचा वाटला. चौकोनात बसलेल्या आठ जणींना कुणीतरी असंच सांभाळायचं असतं, आणि आमच्या संघात ते काम माझं होतं.

रंगनाथराव तिच्या खांद्यावरून वाकून बघत होते. यातली आपण कोणती, असं त्यांनी चारदा विचारलं. मध्येच पडदा राखाडी झाला. "मेली की काय?" ते म्हणाले. ती म्हणाली, हो, पण अठरा सेकंदांनी परत येईन. रंगनाथरावांचा चेहरा एकदम खुलला. "अरे, म्हणजे गडी मेला आणि मग जिवंत झाला. हे तर हुतूतूच झालं की." त्यांच्या दृष्टीने प्रश्न तिथेच सुटला होता, आणि मलाही क्षणभर वाटलं की पोरीचं काम झालं. पण रामदासशेठनी काट्याकडे बोट दाखवलं.

पस्तीस मिनिटांत तिचा संघ जिंकला. पडद्यावर तिच्या नावाभोवती सोनेरी कडं आलं, म्हणजे दहा जणांत ती सर्वांत चांगली खेळली. मी पंचा घेऊन कपाळ टिपलं, मान टिपली, तळहात टिपले. मुलगी कोरडी ठणठणीत. पंचा पुन्हा काट्यावर ठेवला तर एक्केचाळीस ग्रॅम दोनशे पंचावन्न. वजन पाच मिलिग्रॅमने घटलं होतं. बहुधा एखादा धागा निघाला असेल. रामदासशेठ मात्र गंभीरपणे म्हणाले की घाम उणे आला. आणि खोलीत ज्यांनी काहीही केलं नव्हतं, त्या पाचही जणांचे सदरे पाठीला चिकटले होते. रंगनाथरावांना तर धोतराच्या सोग्याने तोंड पुसावं लागलं. कलम तीनप्रमाणे पाहिलं तर त्या दिवशी खेळाडू तेच होते.

ठराव मीच लिहिला, माझ्याच सुवाच्य अक्षरात: 'सदर अर्जदार ही उत्कृष्ट खेळाडू असल्याबद्दल समितीची खात्री झाली आहे. तथापि ती जे खेळते, तो खेळ नाही.' नासिरभाईंनी तो दोनदा वाचला. ते मला म्हणाले, "ताई, मी चाळीस वर्षं घड्याळं उघडतोय. काटे बरोबर फिरताहेत पण घड्याळ बंद आहे, असं मी अजून बघितलेलं नाही." ते चिडले नव्हते, त्यांना खरोखरच समजलं नव्हतं.

मी भांडले. भांडून एवढंच मिळवलं की अर्जदाराला आणखी एक संधी द्यावी. मग मुलीला अंगणात नेऊन सांगितलं, "हे बघ बाई, यांना घाम पाहिजे, तर दे घाम. थोडाच लागेल."

"काकू, घाम आला की अंगठा स्लिप होतो," ती म्हणाली. "घाम येऊ न देणं हेच तर आमचं ट्रेनिंग आहे. श्वास कसा घ्यायचा, पल्स कशी खाली ठेवायची, सहा महिने तेच केलंय. मी सुरुवातीला खूप घामाघूम व्हायचे. तेव्हा मी वाईट खेळायचे."

मला समजलं. अगदी पूर्ण समजलं. खो-खोतसुद्धा धापा टाकते ती नवशिकी, जुनी पोरगी नाकाने श्वास घेते. तरीही मी तिला म्हटलं की एकदाच, आणि मुद्दाम. रामदासशेठना शिकवायला आपल्याकडे वेळ नाही, घाम काढायला आहे.

दुसऱ्या चाचणीला समितीने एप्रिलचा तिसरा रविवार दिला. त्याआधी कुणाकडे तरी लग्न होतं, कुणाचा मोतीबिंदू होता, आणि एका रविवारी पाणी येणार नव्हतं म्हणून सभा नव्हती. तिसऱ्या रविवारी तिच्या संघाचा लीगचा सामना होता, खराखुरा, हरला तर बाहेर जाणारा. तारीख बदलून द्या असं तिने फोनवर सांगितलं, मी अध्यक्षांना विचारलं, ते म्हणाले उलट बरंच, खऱ्या सामन्यात घाम खरा येतो.

कल्पना नासिरभाईंची. मुलीने वडिलांचा जाड रेनकोट घातला, गळ्यापर्यंत बटणं लावली. एप्रिलमधली दुपार, वर पत्रा. पंखा रामदासशेठनी बंद करायला लावला, कारण परिस्थिती नैसर्गिक हवी. पुण्यात एप्रिलमध्ये रेनकोट घालून बसलेली मुलगी त्यांना नैसर्गिक वाटली, पंखा तेवढा वाटला नाही. पावडरचा डबा त्या दिवशी कुलपात होता.

पाचव्या मिनिटाला तिच्या हनुवटीवरून थेंब पडला. मी टिपला. मग दुसरा, मग तिच्या बोटांतून पाणी निथळायला लागलं. ती अंगठा मांडीवरच्या ओढणीला पुसायची, पुन्हा काचेवर ठेवायची, तो घसरायचा, पडदा राखाडी व्हायचा. हेडफोनमधून कुणीतरी तिला ओरडून काहीतरी विचारत होतं. ती म्हणाली, "सॉरी गाइज, नेटवर्क." मग पुन्हा तेच म्हणाली. मी एका पोरीचा घाम पंच्याने टिपत होते आणि पाच पुरुष त्याचं वजन होण्याची वाट बघत होते. मला त्यांची चीड आली, त्याहून जास्त स्वतःची आली, आणि माझा हात मात्र थांबला नाही.

बावीस मिनिटांत तिचा संघ हरला आणि लीगमधून बाहेर गेला. पंचा भरला एकोणसाठ ग्रॅम आणि काही मिलिग्रॅम, म्हणजे घाम जवळजवळ अठरा ग्रॅम. रामदासशेठनी काटा दोनदा शून्यावर आणून तपासला आणि मान डोलावली. सोन्यात धरलं तर दीड तोळ्याच्या वर जातं, असंही म्हणाले. रंगनाथरावांनी तिचं अभिनंदन केलं. नासिरभाई बाकावरून उठले. मी प्रमाणपत्राचं पुस्तक उघडलं.

तेव्हा त्या चहाकडे मत देणाऱ्या तिघांपैकी एकाने, ज्याला आम्ही बाळ म्हणतो त्याने, एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा तोंड उघडलं. पण ती हरली ना, असं तो म्हणाला. रामदासशेठनी घटना मागवली. खेळाडू कुणाला म्हणावं ते कलम पाचमध्ये होतं: 'खेळात प्रावीण्य दाखवील तो.' प्रावीण्य म्हणजे काय यावर वीस मिनिटं गेली. मग रंगनाथरावांनी मला लिहायला सांगितलं, आणि मी लिहिलं: 'सदर क्रीडा हा खेळ असल्याचे निर्विवाद सिद्ध झाले आहे. तथापि अर्जदाराने त्यात प्रावीण्य दाखविले नाही. सबब ती खेळाडू नाही.'

मी म्हटलं की मागच्या महिन्यात ती उत्कृष्ट खेळाडू आहे असा आपलाच ठराव आहे. रंगनाथराव समजुतीच्या सुरात म्हणाले, "ओव्हाळबाई, तेव्हा तो खेळ नव्हता." आणि या उत्तरात त्यांना काही खटकलं नाही. खरं सांगायचं तर दोन्ही ठराव एकाखाली एक वाचले, तर कायद्याने त्यात चूक काढता येत नाही. इतकी वर्षं मी त्यांना लिहायला मदत करते आहे, दोन्ही ठरावांचं अक्षरसुद्धा माझंच.

अर्शिया बाहेर अंगणात दोन गाड्यांच्या मध्ये उभी होती. रेनकोट अजून अंगावर होता. नासिरभाई तिच्यासाठी पाणी आणायला नाक्यावर गेले होते. मी तिच्याजवळ गेले. मला तिची समजूत घालायची होती, पुढच्या सभेचं काहीतरी सांगायचं होतं. कागद द्यायची मुदत दहा दिवसांवर आली होती आणि पुढची सभा मेमध्ये होती, तरी मी तेच सांगणार होते.

"काकू," ती म्हणाली, "माझं पण मल्लखांब लिहा."

रेनकोटचं बटण सोडवायला पुढे केलेला हात मी मागे घेतला.

"प्रज्ञेशचं लिहिलंत ना. मागच्या सेमला. त्याने मला दाखवलं होतं." तिचा आवाज चढला नव्हता. "तो म्हणाला होता, फॉर्मवर लिस्टमधलं काहीही लिही, आत्या बघत नाही. मीच खरं लिहिलं. मला वाटलं, तुम्ही स्वतः खेळलेल्या आहात, तुम्हाला खोटं लिहिलेलं आवडणार नाही."

प्रज्ञेशला कमरेएवढ्या स्टुलावर उभं केलं तरी चक्कर येते. त्याचं मल्लखांबाचं प्रमाणपत्र मीच लिहिलं होतं, भावाने सांगितलं म्हणून, दोन मिनिटांत, चहा गार व्हायच्या आत. त्याच्यासारखी वर्षाला दहाबारा तरी जातात. रामदासशेठचा नातू आमच्या दप्तरी धनुर्धर आहे. रंगनाथरावांची पुतणी जलतरणपटू आहे आणि खडकवासल्याला गेली तर काठावरून भेळ खाऊन परत येते. कुणाचाही घाम आम्ही कधी तोलला नाही. खरा अर्ज एकच आला होता आणि काटा फक्त त्याच्यासाठी मागवला. मी या सगळ्यांना हसत आले, इथपर्यंत तुम्हालाही हसवत आणलं, आणि ती पुस्तकं मात्र माझ्या हातची आहेत. मला त्या अंगणात मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी आत गेले. पुस्तकातला पुढचा कागद घेतला आणि तिचं नाव लिहिलं. प्रकाराच्या रकान्यात खरं लिहावं असं मनात होतं, पेन तिथे थांबलंही. पण खऱ्याखाली अध्यक्षांची सही झाली नसती, आणि सहीशिवाय त्या कागदावर कॉलेजने चणे बांधून घेतले असते. मी मल्लखांब लिहिलं. रंगनाथराव काटा उचलायला मदत करत होते. मी कागद पुढे केला. त्यांना नाव दिसत होतं, दारातली मुलगी दिसत होती, तिच्या अंगावरचा रेनकोटही दिसत होता.

"मल्लखांब! वा," ते म्हणाले आणि सही केली. मग तिच्याकडे वळून अगदी प्रेमाने बोलले. "असं आधीच लिहिलं असतंस, तर हा एवढा त्रास झाला नसता, बाळ."

ती मला थँक्यू म्हणाली. त्यात टोमणा नव्हता, आणि असता तर मला बरं वाटलं असतं. नासिरभाईंनी पाण्याची बाटली तिच्या हातात दिली, कागद वाचला आणि माझ्याकडे बघितलं. मग कागदाची घडी करून खिशात ठेवली. कागद दुसऱ्या दिवशी कॉलेजात गेला. तिथल्या क्लार्कने शिक्का गोल आहे ना एवढं बघितलं आणि एकोणीस दिवस हजेरीत धरले. सरावाचेही धरले. तिचं वर्ष वाचलं. संघात मात्र ती आता नाही. त्या हरलेल्या सामन्यानंतर उरलेल्या चौघांनी दुसरी मुलगी घेतली, जिच्याकडे नेटवर्क चांगलं आहे.

मेमध्ये प्रज्ञेशचा फोन आला. परीक्षा चांगली गेली म्हणाला. मग म्हणाला, "आत्या, अर्शियाचं झालं ना शेवटी? मी तिला आधीच सांगितलं होतं, उगाच खरं लिहू नको म्हणून. ऐकतच नाही. बरं, पुढच्या सेमला माझं पण लागेल हां. मल्लखांबच ठेव, बदलू नको, कॉलेजात तेच रेकॉर्डला आहे."

मी म्हटलं, "रविवारी मंडळात ये. आवारात मल्लखांब उभा आहे. माझ्यासमोर चढून दाखव, मग लिहिते."

तो खदखदून हसला. आत्या, तू पण ना, म्हणाला. मी पुन्हा तेच सांगितलं, शब्द न बदलता, तर आणखीच हसला आणि शेजारी कुणाला तरी माझा विनोद सांगायला लागला. मी फोन कानाला धरून थांबले. त्याचं हसणं संपेना, आणि त्याला गप्प बस म्हणण्याचा हक्क माझ्याकडे उरला नव्हता.